भंगारातील मोटर आणि विज्ञान प्रदर्शनातील गुण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या हिवाळ्यात आमच्या सांगली जिल्ह्यातील एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री या व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून ३१ वर्षे काम करून मी निवृत्त झालो आहे, त्यामुळे मुलांनी हाताने केलेली यंत्रे पाहायला मिळणार या आनंदातच मी तेथे गेलो होतो. त्या दिवशी एका टेबलापाशी जे घडले त्याची बोच अजून गेलेली नाही, आणि ती एका मुलीपुरती नाही अशी खात्री पटल्याने हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. पण यंत्राची हकीकत पुरती सांगितल्याशिवाय माझ्या तक्रारीत काही अर्थ राहत नाही.

तासगाव भागातील नववीत शिकणाऱ्या एका मुलीने प्लायवूडच्या फळीवर जुन्या जीपगाडीची वायपर मोटर बसवली होती. मोटरच्या दांड्यावर सायकलचे लहान दातेरी चाक, त्यावरून साखळी, साखळीच्या दुसऱ्या टोकाला मोठे चाक आणि त्या चाकाला जोडलेला अडीच इंची बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आपले शेतकरी ज्याला कॉक म्हणतात तो. टेबलाच्या कडेला रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखे एक बटण होते. ते बटण जितके फिरवावे साधारण तितकाच कॉक फिरे आणि तेथेच थांबे. हाताने जोर लावून तो हलवायचा प्रयत्न केला तरी जागचा हलत नसे. भंगारातील मोटरीपासून घरी केलेली ती एक ताकदवान सर्व्हो मोटर होती. आमच्या मंडळातील एका सहपरीक्षकांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो कोणत्या किटमधून, म्हणजे विकत मिळणाऱ्या तयार भागांच्या संचातून, हे केले असा, आणि किट नाही हे कळल्यावर शेरा लिहिला, "साहित्य भंगारातील, सादरीकरण नीटनेटके नाही." बक्षीस विकत आणलेल्या सुट्या भागांच्या एका यंत्रहाताला गेले. मी माझे वेगळे मत नोंदवले, पण ते अल्पमतात राहिले. ज्या मुलाला बक्षीस मिळाले त्याच्याविषयी माझ्या मनात जराही किंतु नाही. त्याच्यासमोर जे ठेवले गेले ते त्याने मन लावून जोडले होते. प्रश्न ठेवणाऱ्यांचा आहे.

सर्व्हो म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. साध्या मोटरीला वीज दिली की ती फिरते आणि वीज तोडली की थांबते. आपण कोठे पोहोचलो हे तिला ठाऊक नसते. सर्व्होमध्ये मोटरीबरोबर तिची जागा सांगणारा एक मापक असतो आणि तिसरा एक भाग असतो, जो हवी असलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांतील फरक सतत पाहतो, आणि तो फरक मिटेल त्या दिशेने मोटर फिरवतो. शब्दच मुळी लॅटिनमधील सेवक या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. मुलांच्या किटमध्ये निळ्या रंगाची जी नऊ ग्रॅम वजनाची इवलीशी सर्व्हो येते तिच्यात हे तिन्ही भाग नखाएवढ्या जागेत बंद केलेले असतात. सेकंदाला ५० वेळा तिला एक ते दोन मिलिसेकंदांचा विजेचा स्पंद पाठवला की स्पंदाच्या लांबीनुसार ती आपला हात फिरवते. ती वापरणे सोपे आहे. पण आत काय चालले आहे हे मुलाला दिसत नाही, आणि काही बिघडले तर ती फेकून दुसरी आणणे याखेरीज त्याच्या हातात काही नसते.

प्रदर्शनानंतर मी त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना माझ्या घरी बोलावले. हा कॉकच का, असे विचारल्यावर वडिलांनी जे सांगितले ते या जिल्ह्यातील कोणत्याही द्राक्षबागायतदाराला नवीन नाही. शेतीपंपाची वीज आलटून पालटून रात्रीच्या पाळीत येते. ठिबकचे एका तुकड्याचे पाणी झाले की दुसऱ्या तुकड्याचा कॉक उघडून पहिला बंद करायला रात्री एकला, तीनला, पाचला बॅटरी घेऊन बागेत जावे लागते. बांधावर साप असतात. मुलीने वडिलांना तसे जाताना लहानपणापासून पाहिले होते. विजेवर चालणारे तयार कॉक बाजारात मिळतात, परंतु चार तुकड्यांसाठी चार घ्यायचे म्हटल्यावर तो विषय त्यांच्या घरात तेथेच थांबला होता.

पुढचे तीन महिने दर रविवारी आम्ही ते यंत्र शेतावर टिकेल असे करण्यासाठी खपलो. सर्वांत आधी जोर मोजला. कॉकच्या दांडीच्या टोकाला, म्हणजे मध्यापासून १५ सेंटिमीटरवर, ताणकाटा अडकवून काटकोनात ओढला तेव्हा नवा कॉक नऊ किलोवर हलला. म्हणजे १३५ किलोग्रॅम-सेंटिमीटर. किटमधील निळी सर्व्हो सुमारे १.८ किलोग्रॅम-सेंटिमीटर जोर देते, तेव्हा तशा ७५ सर्व्हो एकत्र जोडल्या तर नवा कॉक जेमतेम हलेल. बागेतील जुन्या, आत गाळ बसलेल्या कॉकला तर २५० च्या आसपास जोर लागला. त्या मुलीने ही आकडेमोड वहीत स्वतः केली, आणि त्या दिवशी बल गुणिले अंतर हे सूत्र तिला कायमचे कळले असावे, कारण त्यानंतर तिने ते मला एकदाही विचारले नाही.

मग मोटर. भंगारात मोटरी अनेक मिळतात, पण सगळ्या या कामाच्या नसतात. गाडीचा स्टार्टर ताकदवान असतो, परंतु तो काही सेकंदांसाठीच बनवलेला असतो आणि शेकडो अँपिअर ओढतो. दरवाज्याची काच वरखाली करणारी मोटर आटोपशीर असते, पण तिचा जोर कमी पडतो. वायपर मोटर मात्र तासन्‌तास पावसात चालण्यासाठी बनवलेली असते, १२ व्होल्टवर चालते, आणि तिच्या पोटातच वर्म गिअर असतो. आट्याचा दांडा दातेरी चाकाला फिरवतो, पण चाक दांड्याला उलट फिरवू शकत नाही. मी प्रदर्शनात त्या मुलीला याविषयी विचारले होते तेव्हा ती म्हणाली होती, "सर, तो मागं फिरतच न्हाई, म्हणून लाइट गेली तरी कॉक जिथल्या तिथं ऱ्हातो." एवढ्या एका वाक्यासाठी मी तिला पूर्ण गुण दिले असते. वीज न खाता जागा धरून ठेवणे हा गुण शेतावरच्या यंत्राला किती मोलाचा आहे, हे ज्याच्याकडे विजेचा भरवसा नाही त्यालाच कळते.

आम्ही आणलेली मोटर ४५० रुपयांना मिळाली. उघडून पाहिली तर आतील वंगण वाळून खडीसाखरेसारखे झाले होते. ते डिझेलने धुऊन नवे ग्रीस भरले आणि कार्बन, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कोळशाचे तुकडे, तपासले. या मोटरीला दोन वेग असतात व त्यासाठी तीन कार्बन असतात. समोरासमोरचे दोन कार्बन मंद वेगाचे, आणि तिसरा थोडा बाजूला सरकवलेला जलद वेगाचा. जलद वेगात जोर कमी होतो, शिवाय तो कार्बन मध्यापासून सरकलेला असल्याने मोटर दोन्ही दिशांना सारखी चालत नाही. म्हणून सर्व्होसाठी मंद वेगाचीच जोडी घ्यायची आणि तिसरी तार टेप लावून बाजूला ठेवायची. गिअरच्या चाकावर पितळी चकती आणि तिला टेकणाऱ्या पट्ट्या असतात. बटण बंद केल्यावरही वायपर काचेच्या खालच्या कडेला जाऊनच थांबतो तो त्यांच्यामुळे. त्याही तोडाव्या लागतात. मुलीला मी दाखवले की ही चकतीसुद्धा सर्व्होचीच धाकटी बहीण आहे, फक्त तिला एकच जागा ओळखता येते.

यापुढचा दोष कोणत्याही पुस्तकात तिला सापडला नव्हता आणि त्याने तिचे दोन रिले, म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारे खटके, जाळले होते. अशा कित्येक मोटरींत ऋण बाजूचा कार्बन थेट मोटरीच्या अंगाला रिव्हेट केलेला असतो, कारण गाडीत लोखंडी सांगाडा हाच ऋण असतो. वायपरला एकाच दिशेने फिरायचे असते, तेव्हा बिघडत काही नाही. पण सर्व्होला दोन्ही दिशांना फिरावे लागते, म्हणजे तारा अदलाबदल करून द्याव्या लागतात, आणि तसे करताच मोटरीचे अंगच धन होते. ते लोखंडी चौकटीवर बसवलेले असेल आणि बॅटरीचे ऋण टोकही त्याच चौकटीला लागले असेल तर ठिणग्या उडतात. आम्ही झाकण काढून तो रिव्हेट कापला, कार्बनची तार रबरी बुशातून वेगळी बाहेर काढली, आणि खबरदारी म्हणून मोटर व चौकट यांच्यामध्ये हायलमची, म्हणजे वीज वाहून न नेणाऱ्या कडक पत्र्याची, पट्टी घातली. ज्यांना मोटर उघडायची नसेल त्यांनी निदान हायलम घालून, बोल्टवर हायलमचे वॉशर लावून अंग चौकटीपासून तोडावे.

मोटरीचा स्वतःचा जोर आम्ही ३० सेंटिमीटरच्या लाकडी दांडीने आणि त्याच ताणकाट्याने मोजला. थांबण्याच्या बेतात आली तेव्हा काटा सहा किलोवर होता, म्हणजे १८० किलोग्रॅम-सेंटिमीटर. त्यावेळी ती २० अँपिअरहून अधिक वीज ओढत होती. जुन्या कॉकला हा जोर पुरणारा नव्हता. सायकलचे १४ दात्यांचे चाक मोटरीवर आणि ४२ दात्यांचे कॉकवर बसवल्याने जोर तिप्पट झाला, घर्षणात थोडा गेला तरी ४५० च्या पुढे राहिला, आणि वेग मिनिटाला ४५ फेऱ्यांवरून १५ वर आला. येथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिच्यात आमचा एक अख्खा रविवार गेला. सायकलचे मागचे दातेरी चाक फ्रीव्हील असते आणि ते एका दिशेने नुसतेच फिरते. कॉक उघडत होता, पण बंद होत नव्हता. गावातील वेल्डरकडून फ्रीव्हील तीन ठिकाणी टाके मारून घट्ट करून घेतली तेव्हा काम मार्गी लागले.

जागा मापण्यासाठी दहा किलोओहमचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे तेच रेडिओचे बटण, कॉकच्या दांड्यावर बसवला. मुलीने तो आधी मोटरीच्या दांड्यावर लावला होता. मोटर बरोबर जागी जायची, पण साखळीच्या ढिलाईमुळे कॉक पाच-सहा अंश मागे राहायचा. ज्याची जागा हवी आहे त्याच्याच अंगावर मापक हवा. असे केल्यावर ढिलाई सर्व्होच्या मोजण्या-फिरवण्याच्या फेऱ्यात येते आणि यंत्राला थरथरण्याची खोड लागू शकते, म्हणून स्प्रिंग लावलेल्या पट्टीने साखळी ताणून धरावी लागली. हा पोटेन्शिओमीटर सुमारे ३०० अंश फिरतो आणि अर्डुइनो हा छोटा संगणकी फलक त्याचे व्होल्ट ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचतो. आपल्या कॉकला ९० अंशच फिरायचे असल्याने आपल्या वाट्याला त्यांतले तीनशेच्या आसपास आकडे येतात. म्हणजे एका अंशाला तीनहून थोडे अधिक. कॉकसाठी हे भरपूर आहे. आकडा उगाच एकदोनने नाचतो म्हणून १६ वाचनांची सरासरी घेतली.

मोटरीला दोन्ही दिशांना वीज देण्यासाठी तिने आधी किटमधला एल २९८ हा भाग लावला होता. तो दोन अँपिअरच्या आसपासचा, तेव्हा पहिल्याच धक्क्यात गेला. त्यानंतर तिने गाडीच्या हॉर्नचे पाच टोकांचे दोन रिले वापरले, आणि त्यात एक गोष्ट तिच्याकडून फार चांगली झाली होती. दोन्ही रिले विश्रांतीत असताना मोटरीची दोन्ही टोके ऋणाला जोडली जातील अशी तिची जोडणी होती. त्यामुळे वीज तोडल्यावर फिरती मोटर स्वतःच जनित्र बनून स्वतःला रोखते. हे तिला कोणी शिकवले नव्हते. तारा कशा जोडल्यावर मोटर लवकर थांबते हे तिने करून पाहिले होते. तरीही रिले एक तर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद एवढेच जाणतो, म्हणून कॉक हव्या जागेच्या पुढे जाई, मग मागे येई, पुन्हा पुढे जाई. प्रदर्शनाआधी तिने आठ अंशांपर्यंतचा फरक सोडून द्यायचा असा नियम घालून ही थरथर थांबवली होती. घरी आम्ही ४३ अँपिअरपर्यंतचा म्हणून विकला जाणारा बीटीएस ७९६० चा तयार पूल, म्हणजे मोटरीला दोन्ही दिशांना हवी तेवढी वीज देणारा भाग, आणला, मोटरीच्या पुरवठ्यावर मोठा कपॅसिटर बसवला, आणि मग खरा अभ्यास सुरू झाला.

फरक जितका अधिक तितका जोर अधिक, हा पहिला नियम. पण जागा जवळ आली की फरक लहान होतो, जोर इतका कमी होतो की घर्षणच त्याला खाते आणि कॉक तीनचार अंश अलीकडे अडून राहतो. जोराचे प्रमाण वाढवले की अडणे जाते, पण थरथर परत येते. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरचालक वळण संपेपर्यंत चाक वळवून धरत नाही. वळण संपायच्या आधीच तो चाक सोडू लागतो, कारण आपण किती वेगाने वळतो आहोत हे त्याच्या हातांना कळते. हीच गोष्ट १९२२ साली निकोलस मिनॉर्स्की या अभियंत्याने जहाजाच्या सुकाणूवर बसणाऱ्यांचे काम पाहून गणितात मांडली. सध्याचा फरक, साठत गेलेला फरक आणि फरक बदलण्याचा वेग, या तिन्हींची बेरीज करून सुकाणूला किती वळवायचे ते ठरवावे. कारखान्यांतील नियंत्रकांत आजही तेच तीन घटक असतात. आम्ही त्यांतला साठत गेलेल्या फरकाचा घटक सोडून दिला, कारण थांबलेल्या कॉकला तो उगाच ढुशा देत राहतो; त्याऐवजी घर्षण मोडेल एवढा किमान जोर ठरवला आणि एका अंशाच्या आत आल्यावर मोटर बंद केली. माझ्या मते शेतावरच्या यंत्राला एवढे पुरे असते. गणित पूर्ण असण्यापेक्षा मोटर वेळेवर शांत होणे अधिक महत्त्वाचे.

साधी मोटर व दोन बटणे लावून जे साधले नसते ते सर्व्होमुळे कसे साधले, हेही लिहितो. पूर्ण वेगाने हा कॉक एका सेकंदात बंद होतो, आणि तसे होणे धोक्याचे आहे. त्यांची वाहिनी सुमारे ३५० मीटर लांब पीव्हीसीची आहे. वाहते पाणी एकाएकी अडवले की दाबाची लाट मागे धावते. पीव्हीसी नळात तिचा वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास धरला तर ती जाऊन परत यायला दोन सेकंद लागतात, आणि त्या दोन सेकंदांच्या आत कॉक बंद झाला तर पूर्ण धक्का बसतो. पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर असेल तर हा धक्का ५० मीटर उंचीच्या पाण्याएवढा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाच किलो भरतो, आणि तोही आधीच्या दाबावर आणखी. शेतात पुष्कळ ठिकाणी चार किंवा सहा किलोचाच दाब सोसणारा पाइप पुरलेला असतो. म्हणून आम्ही मोटरीचा वेग कमी केला नाही, कारण तसे केल्यास जोरही जातो; आम्ही लक्ष्यच, म्हणजे यंत्राला सांगितलेली जागाच, हळूहळू सरकवले. पहिले ४५ अंश पाच सेकंदांत, उरलेले ४५ अंश पंधरा सेकंदांत, कारण बॉल व्हॉल्व्ह पाणी खरे अडवतो ते शेवटच्या टप्प्यात. मोटर त्या सरकत्या लक्ष्यामागे चालत राहते आणि गाळ आडवा आला की आपोआप अधिक जोर लावते. आणि पुढचा कॉक पूर्ण उघडल्याचे मापकाने सांगितल्याखेरीज मागचा बंद व्हायला सुरुवातच होत नाही. हे शेवटचे वडिलांनी सुचवले. हाताने ते वर्षानुवर्षे तसेच करत आले होते.

एक अपघातही झाला, आणि तो लपवणे योग्य होणार नाही. पोटेन्शिओमीटर कॉकच्या दांड्याला मी रबरी नळीच्या तुकड्याने जोडला होता. उन्हाने ती नळी सैल झाली. कॉक फिरत होता, पोटेन्शिओमीटर जागीच होता, आणि यंत्राला वाटत राहिले की आपण अजून ४० अंश मागे आहोत. त्याने पूर्ण जोर लावून कॉकचा थांबा तोडला, दांडा पिळला, आणि रात्रभर एकाच तुकड्यात पाणी गेले. नुकसान मी भरून देऊ केले, ते त्यांनी घेतले नाही. मात्र त्या मुलीने दुसऱ्या दिवशी वहीत जे लिहिले ते मी जसेच्या तसे सांगू शकतो: "मोटर दोन सेकंद चालू असून आकडा बदलला नाही, तर आकडा खोटा आहे. थांबायचे." आता तसा नियम आहे. शिवाय दोन्ही टोकांना असे खटके लावले आहेत की ते दाबले गेल्यावर त्या दिशेची वीज थेट तुटते आणि फक्त मागे फिरण्याची वाट डायोडमधून, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून, उघडी राहते. संगणकी भाग बंद पडला तरी हे खटके आपले काम करतात. पितळी जोड आणि स्क्रू आता रबराच्या जागी आहेत, आणि मोटरीच्या वाटेत १५ अँपिअरचा फ्यूज आहे. मोटरीतील गिअरचे चाक नायलॉनचे असल्याने फ्यूजने न सांभाळलेला जोर आधी त्याचेच दाते खातो.

ज्या शाळा असे काही करू पाहतील त्यांच्या शिक्षकांना माझी एकच कळकळीची सूचना आहे. काम १२ व्होल्टवरच ठेवावे, घरगुती विजेला हात लावू नये, आणि १२ व्होल्ट म्हणजे खेळणे असेही समजू नये; लेड-ॲसिड बॅटरीच्या टोकांवर पाना आडवा पडला तर तो लाल होतो. मोटर पहिल्यांदा चालवताना साखळी उतरवून ठेवावी, कारण मोटरीच्या तारा उलट लागल्या असतील तर सर्व्हो फरक मिटवण्याऐवजी वाढवत सुटते.

आता मूळ मुद्दा. भंगार हा शब्द आमच्या सहपरीक्षकांनी ज्या अर्थाने वापरला तो या जिल्ह्यात तरी वापरला जाऊ नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना उभा केला आणि तेथून निघालेले लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेले; पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई पडली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा ओतण्यासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. मिरज, कुपवाड, माधवनगरच्या कारखान्यांत आणि शेडमध्ये काम करणाऱ्या कित्येक कातारी, जोडारी आणि संधात्यांचे हात जुन्या यंत्रांवरच बसले आहेत. १९४७ पासून सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी नववीतील एक मुलगी जुन्या मोटरीला नवे काम शिकवते आणि तिला सांगितले जाते की साहित्य नवे नाही.

किटला माझा विरोध नाही. पहिल्यांदा हात बसायला ते चांगले असते. परंतु किटमध्ये जोर, वेग, घर्षण, ढिलाई, उष्णता हे सगळे प्रश्न दुसऱ्या कोणीतरी आधीच सोडवलेले असतात, आणि मुलांच्या वाट्याला उत्तर तेवढे येते. वायपर मोटरीने त्या मुलीला जे प्रश्न विचारले त्यांतला एकही किटने तिला विचारला नसता. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधून निवडक शाळांना सहावी ते बारावीच्या मुलांच्या प्रयोगशाळेसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. मी पाहिलेल्या अशा एका प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात किटचे खोके मांडलेले होते आणि बाकावर शेगडा, म्हणजे काम घट्ट पकडून ठेवणारे अवजार, बसवलेला नव्हता. शेगडा नसेल तर मूल दांडा कापणार कसा, छिद्र पाडणार कसे? तेथील शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. खोके फुटले तर हिशेब कोण देणार, ही त्यांची भीती खरी आहे.

म्हणून शिक्षण विभागाकडे आणि प्रदर्शने भरवणाऱ्या सर्वांकडे माझे मागणे साधे आहे. गुणपत्रिकेत सादरीकरणाच्या नीटनेटकेपणाला जितके गुण आहेत तितकेच गुण विद्यार्थ्याच्या नोंदवहीला द्यावेत, आणि त्या वहीत काय बिघडले, का बिघडले आणि काय करून पाहिले एवढे पाहावे. साहित्य नवे की जुने यावर गुण कापू नयेत. परीक्षकांनी यंत्राला हात लावून, भार देऊन, वीज तोडून पाहावे; माझा अनुभव असा की असे पाच मिनिटे केले की कोणी काय केले आहे ते वेगळे विचारावे लागत नाही. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची कार्यशाळा महिन्यातील एका शनिवारी आसपासच्या शाळांतील मुलांना निदेशकांच्या देखरेखीखाली खुली करावी, म्हणजे एक बुश कातून घ्यायला किंवा दोन टाके मारून घ्यायला मुलांना दारोदार फिरावे लागणार नाही. माझ्यासारखे निवृत्त निदेशक यासाठी विनावेतन वेळ देतील. आमच्यापैकी तिघांशी मी बोललो आहे आणि तिघेही तयार आहेत.

त्या बागेत सध्या दोन कॉक या यंत्रावर चालतात. मोटरसायकलची जुनी बॅटरी आणि लहानसा सौर पत्रा त्यांना पुरतो, कारण एका फेरीला मोटर वीस सेकंदांपेक्षा जास्त चालत नाही. तिसऱ्यासाठीची मोटर त्या मुलीने परवाच भंगारवाल्याकडून आणली. या मोटरीचा कार्बन अंगाला जोडलेला आहे की नाही हे तिने तेथेच, त्याच्या दुकानात, मीटर लावून पाहिले आणि मगच पैसे दिले. येत्या हिवाळ्यात ती दहावीत असेल आणि पुन्हा प्रदर्शनात उतरणार आहे. त्याआधी गुणपत्रिका बदललेली असावी, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक (वीजतंत्री), सांगली